वेस्टमिन्स्टरच्या धुराड्यातली आग: १६ ऑक्टोबर १८३४

दिवस गुरुवारचा. ब्रिटिश संसदेला सुट्टी होती, त्यामुळे लॉर्ड्सच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहात ना वादविवाद ना वर्दळ. तळघरात मात्र दोन भट्ट्या पेटलेल्या होत्या. एरवी त्या थंडीत वरचं सभागृह गरम ठेवायला दगडी कोळशावर चालत. त्या दिवशी कोळशाऐवजी लाकूड जळत होतं आणि संध्याकाळपर्यंत त्या लाकडानं इंग्लंडचं संसदभवन खाल्लं.

या आगीची गोष्ट सहसा संध्याकाळी सहापासून सांगतात, कारण ज्वाळा तेव्हा दिसल्या. पण ती सुरू झाली सकाळी आणि दिवसभर भिंतीच्या आत, कुणाच्या नजरेला न पडता चढत राहिली. तिचा वास लोकांना येत होता, तिचा चटका पायांना लागत होता, आणि तरीही दिवस नेहमीसारखा पुढे सरकत राहिला. म्हणून घड्याळ लावायचं तर सकाळपासूनच लावायला हवं.

त्याआधी

जळत होत्या त्या हिशेबाच्या काठ्या, म्हणजे टॅली स्टिक. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात, एक्सचेकरमध्ये, बाराव्या शतकापासून पैशांची पावती कागदावर नव्हे तर काठीवर होत असे. काठी बहुधा हेझलच्या लाकडाची. तिच्यावर रक्कम खाचांनी कोरत. हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभरासाठी अंगठ्याएवढी, वीस पौंडांसाठी करंगळीएवढी आणि एका पौंडासाठी जवाच्या पिकल्या दाण्याएवढी. पेनीसाठी नुसती चीर. मग काठी उभी चिरायची, अर्धी पैसे भरणाऱ्याकडे आणि अर्धी खजिन्यात. हिशेबाच्या दिवशी दोन्ही भाग जोडले की खाचा जुळल्याच पाहिजेत. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही फसवता येणार नाही अशी ही पावती होती. तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ही पद्धत बंद करण्याचा कायदा १७८२ मध्ये झाला. पण जुने अधिकारी पदावर असेपर्यंत ती चालू ठेवायची असं ठरल्यामुळे ती प्रत्यक्षात थांबली १८२६ मध्ये. उरलेल्या काठ्या वेस्टमिन्स्टरमध्येच पडून होत्या. १८३४ मध्ये त्या खोल्यांची गरज पडली आणि काठ्या हलवा असा हुकूम निघाला. हुकूम आला इमारतीच्या कामावर देखरेख करणाऱ्या रिचर्ड वीबली यांच्याकडे. काठ्या नोकरचाकरांना जळण म्हणून वाटता आल्या असत्या. वीबलींनी ठरवलं की लॉर्ड्सच्या खालच्या दोन भट्ट्यांतच त्या जाळून टाकायच्या. एकूण माल दोन छकडेभर.

इमारत आगीला सोपी आहे हेही नवं नव्हतं. संसद जिथे भरे तो मध्ययुगात वाढत गेलेला राजवाडा म्हणजे दगडी भिंतींना चिकटलेल्या लाकडी खोल्या, अरुंद बोळ, पडदे आणि भिंतींवर ठोकलेल्या लाकडी फळ्या. जॉन सोन या नामांकित वास्तुकारानं १७८९ मध्ये आणि पुन्हा १८२८ मध्ये, इथं आगीपासून कसलंच संरक्षण नाही, असं बजावलं होतं. कागद तयार झाला, ठेवला गेला.

सकाळ, उजाडताना

जोशुआ क्रॉस आणि पॅट्रिक फर्लाँग हे दोन मजूर कामाला लागले. त्यांना सांगितलेलं काम साधं होतं: काठ्या टाकायच्या, विस्तव मंद ठेवायचा, सगळं संपलं की जायचं.

इथं थोडं थांबून भट्टीच्या पोटात डोकावू या, कारण आपत्तीचं मूळ तिथं आहे. दगडी कोळसा जळतो तेव्हा त्याचा धगधगता थर जाळीवर बसून राहतो. ज्वाळा आखूड, उष्णता जास्त. लाकडाचं तसं नाही. लाकूड तापलं की त्याचा बहुतेक भाग आधी वायू होऊन बाहेर पडतो आणि हे वायू हवेत मिसळून जळतात, म्हणून लाकडाची ज्वाळा लांब, उंच आणि धावती असते. त्यात या काठ्या पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या खोल्यांत पडून खडखडीत वाळलेल्या, बारीक आणि मधोमध चिरलेल्या. पेटवणासाठी याहून उत्तम लाकूड शोधून सापडणार नाही. कोळशासाठी बांधलेल्या भट्टीत हे जळण टाकलं तर ज्वाळा भट्टीत मावत नाही, धुराच्या वाटेनं वर जाते.

आपल्याकडे अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब ज्यांच्या घरी होता त्यांनी हे पाहिलेलं असेल. बंबात काटक्या जरा जास्त कोंबल्या की मधल्या नळीच्या तोंडातून ज्वाळा बाहेर डोकावते. बंबाच्या वर मोकळं आकाश किंवा न्हाणीघराचं कौलारू छप्पर असतं. वेस्टमिन्स्टरमधल्या धूरनळ्या आधी तळघराच्या भिंतीतून वर जात, मग लॉर्ड्सच्या फरशीखालून आडव्या, मग पुन्हा भिंतींतून वर धुराड्यापर्यंत. म्हणजे ज्वाळा पोचली ती थेट सभागृहाच्या लाकडी कामाच्या शेजारी.

सकाळ ते दुपार

वीबली अधूनमधून तळघरात येऊन पाहून जात. नंतर चौकशीत त्यांनी सांगितलं की भट्ट्यांची दारं उघडी होती आणि काठ्यांचा थर चार इंचांच्या वर कधी गेला नाही. सभागृहातल्या शेकोट्या पेटवणाऱ्या रिचर्ड रेनल्ड्सनं मात्र सांगितलं की मजूर मूठमूठ काठ्या आत फेकत होते. मजुरांनी हे नाकारलं. कोण खरं बोलत होतं याचा निकाल मला महत्त्वाचा वाटत नाही. दार उघडं होतं हे वीबलींनी स्वतःच सांगितलं, आणि तेच घातक होतं. दार उघडं ठेवलं की लाल विस्तव डोळ्यांनी दिसतो, आणि माणसाला वाटतं, आग आपल्या ताब्यात आहे. पण उघड्या दारातून हवा आत घुसते, ओढ वाढते आणि ज्वाळा धूरनळीत आणखी खोल खेचली जाते. आग राखणारे लोक तिला न कळत वर ढकलत होते.

आणि ती धूरनळी धड नव्हती. तिला तांब्याचं अस्तर होतं, ते या ज्वाळेसमोर टिकलं नाही. वर्षाची सफाई अजून व्हायची होती, त्यामुळे आत काजळीचे आणि राखेचे कडक थर साचलेले. याशिवाय विटांमध्ये जुन्या जखमा होत्या. त्या काळी धुराडी साफ करायला लहान मुलं आत चढवत. पाय ठेवायला ती विटांत खाचा करत चढत आणि परतताना त्या बुजवत. बुजवलेली खाच बाहेरून दिसत नाही, पण भिंत तिथं कच्ची झालेली असते. त्याच १८३४ सालात, याच संसदेनं धुराडी साफ करणाऱ्या मुलांबाबत आणि धुराडी कशी बांधावीत याबाबत कायदा केला होता. कायदा मंजूर झाला त्या छताखालच्या धूरनळ्या तशाच राहिल्या.

दुपारी चार

लॉर्ड्सच्या सभागृहात स्पॅनिश आरमाराच्या पराभवाची भव्य विणलेली चित्रं टांगलेली होती, १५८८ च्या लढाईनंतर विणवून घेतलेली. ती पाहायला दोन गृहस्थ आले. सभागृहाची देखरेख करणाऱ्या राइटबाई त्यांना आत घेऊन गेल्या. आत इतका धूर कोंडला होता की चित्रं धड दिसेनात. ब्लॅक रॉड या मानकऱ्याच्या बसण्याच्या जागेजवळ गेल्यावर जमिनीचा चटका त्यांना बुटांतून जाणवला.

हा क्षण मी पुन्हा पुन्हा वाचतो. फरशीखालून चटका बुटाच्या तळव्यातून पायाला लागतो, याचा अर्थ खाली पेटलेलं आहे. राइटबाईंना धुराचा त्रास दिवसभर होत होता आणि त्याबद्दल मजुरांकडे विचारणाही झाली होती. मजुरांचं म्हणणं होतं की काम संपवायचंय. त्यांनाही दोष देणं सोपं आहे, पण त्यांना हुकूम होता आणि लवकर सुटायचं होतं. काम थांबवा असं म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस वर सभागृहात नव्हता, आणि पाय भाजणाऱ्या माणसाला काम थांबवण्याचा अधिकार नव्हता. पाहुणे आले तसे गेले.

चारनंतर

शेवटच्या काठ्या आत टाकून, भट्ट्यांची दारं लावून क्रॉस आणि फर्लाँग जवळच्या स्टार अँड गार्टर या गुत्त्यात गेले. काम पूर्ण झालं होतं.

संध्याकाळी पाच

राइटबाईंनी सभागृहाला कुलूप लावलं. याच सुमारास भट्टीतला विस्तव मंदावत होता, पण धूरनळीतली आग वेगळी झाली होती. काजळी पेटली की तिला खालच्या जळणाची गरज उरत नाही, ती स्वतःच जळण असते. विटांच्या फटीतून धग आणि ठिणग्या बाहेर पडून वरच्या लाकडी कामाला लागल्या. धुराड्याजवळचं लाकूड वर्षानुवर्षं थोडं थोडं तापत राहिलं की आतून कोळशासारखं होतं आणि नव्या लाकडापेक्षा कमी उष्णतेला पेट घेतं. आग बंद दाराआड होती, वर माणूस नव्हता.

संध्याकाळी सहा

दाराखालून उजेड येताना पाहिला तो एका द्वारपालाच्या पत्नीनं, मुलेनकॅम्पबाईंनी. आत ब्लॅक रॉडची जागा पेटली होती, पडद्यांना आणि भिंतींवरच्या लाकडी फळ्यांना ज्वाळा भिडल्या होत्या. त्यांनी हाक दिली.

पुढची पंचवीस मिनिटं अतिशय मोलाची होती. राजवाड्यातल्या माणसांनी आधी धावपळ केली, मग आपणच विझवू म्हणून प्रयत्न केला. बाहेर मदतीला निरोप गेला नाही, एवढंच नव्हे तर राजवाड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहाच्या, माणसांनाही कळवलं गेलं नाही.

साडेसहा

सभागृहातली सगळी उष्ण हवा आणि न जळलेले वायू छताखाली साचत होते. ठरावीक तापमान गाठलं की खोलीतली प्रत्येक जळणारी वस्तू एकाच वेळी पेट घेते. तसंच झालं. सभागृहाच्या मध्यातून आगीचा गोळा उसळला. छप्पर पेटलं आणि आकाश इतकं उजळलं की वीस मैलांवरच्या विंडसर किल्ल्यातून राजघराण्याला तांबूस झळाळी दिसली. जवळच्या वस्त्यांचे आग विझवायचे हातपंपाचे दोनच बंब आधी आले. पावणेसातला ग्रेनेडियर गार्ड्सचे शंभर शिपाई आले, गर्दी मागे हटवायला आणि पंप मारायला.

सात

जेम्स ब्रेडवुडला निरोप मिळाला. आधी एडिंबरोत आणि आता लंडनमध्ये आगीशी झुंजण्याचं शास्त्र घडवणारा हा माणूस. त्याची संस्था, लंडन फायर इंजिन एस्टॅब्लिशमेंट, एक वर्ष आधीच विमा कंपन्यांनी मिळून उभी केली होती. सरकारी इमारतींचा विमा नव्हता, म्हणजे नियमानं वेस्टमिन्स्टर त्याच्या जबाबदारीत येत नव्हतं. तो बारा बंब आणि चौसष्ट माणसं घेऊन आला. या एका निर्णयासाठी ब्रेडवुडचं नाव मराठी वाचकालाही माहीत असायला हवं, असं मला वाटतं.

तो पोचेपर्यंत लॉर्ड्स गेलेलं होतं. नैर्ऋत्येच्या वाऱ्यानं अरुंद लाकडी बोळांतून आग सेंट स्टीफन्स चॅपेलकडे नेली. सोळाव्या शतकापासून कॉमन्स याच चॅपेलमध्ये भरत असे. वर्षभरापूर्वीच, जुलै १८३३ मध्ये, इथं उभं राहून खासदार मेकॉलेनं ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी कायद्यावर भाषण केलं होतं. हिंदुस्थानचा कारभार कसा चालावा हे ठरवणाऱ्या त्या कायद्याची चर्चा ज्या तख्तपोशीखाली झाली, ती आता कोसळली. आवाज इतका मोठा होता की गर्दीला वाटलं, कुणी दारूगोळा उडवला.

साडेसात ते मध्यरात्र

टेम्स ओहोटीत होती. नदीकडच्या बंबांना पाणी अपुरं. ब्रेडवुडनं जे गेलं ते सोडून दिलं आणि सगळी ताकद राजवाड्यातल्या वेस्टमिन्स्टर हॉलवर लावली. हॉल १०९७ चा, त्याचं ओकचं छप्पर चौदाव्या शतकाच्या अखेरीला ह्यू हर्लंडनं उभारलेलं, मध्ये एकही खांब न घेता. कॉमन्सच्या अध्यक्षांच्या पेटलेल्या घराला हॉलशी जोडणारं छप्पर ब्रेडवुडनं कापून काढलं आणि हॉलचं छत भिजवत ठेवलं. अर्थमंत्री लॉर्ड ऑल्थॉर्प यांनीही कॉमन्स जळू दे पण हॉल वाचवा, असा आग्रह धरल्याचं नोंदलं आहे. टर्नर हा चित्रकार त्या रात्री नदीकाठी होता. त्याच्या दोन तैलचित्रांत ही आग आजही फिलाडेल्फिया आणि क्लीव्हलँडच्या संग्रहालयांत पाहायला मिळते.

रात्री दीड

भरती चढली आणि रॉदरहाइथहून नदीतला तरंगता बंब पोचला. ब्रेडवुडनं तो पाच तासांपूर्वी मागवला होता. वाराही फिरला होता. पावणेदोनला हॉल वाचला असं ब्रेडवुडनं मानलं. पहाटे पाचपर्यंत उरलेल्या ज्वाळा विझल्या. कुणाचा जीव गेला नाही.

नंतर

कॉमन्सची जुनी कागदपत्रं बहुतेक जळाली. कायद्यानं ठरवलेले यार्ड आणि पौंड यांचे प्रमाण नमुने तिथंच ठेवलेले होते, तेही निकामी झाले. लॉर्ड्सचे जुने कायदे ज्वेल टॉवरमध्ये असल्यानं वाचले. आरमाराच्या जळालेल्या चित्रांची कल्पना आता जॉन पाइननं १७३९ मध्ये छापलेल्या कोरीव चित्रांवरूनच करावी लागते. राजाच्या सल्लागार मंडळाच्या, प्रिव्ही कौन्सिलच्या, चौकशीचा अहवाल ८ नोव्हेंबरला आला. कट नव्हता, बंड नव्हतं, आग काठ्या जाळण्यातून लागली आणि कारण होतं निष्काळजीपणा. वीसेक वर्षांनी कादंबरीकार डिकन्सनं जाहीर भाषणात विचारलं की त्या काठ्या आसपासच्या गरिबांना जळण म्हणून का दिल्या नाहीत. १८३४ च्या थंडीतल्या लंडनमध्ये हा प्रश्न कुणीही विचारू शकलं असतं.

या घटनेतला तांत्रिक धडा मात्र आजच्या घरांना लागू आहे, आणि न्यू जर्सीत किंवा इंग्लंडात जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी तो नीट ऐकावा असं मला कळकळीनं वाटतं. तिथल्या जुन्या घरांत विटांची फायरप्लेस असते. उघडी फायरप्लेस घर फारसं गरम करत नाही, बरीचशी उष्णता धुराड्यातून वाया जाते. म्हणून लोक तिच्या पोटात लोखंडी, काचेच्या दाराची बंद भट्टी बसवतात. तिला इन्सर्ट म्हणतात. चांगला इन्सर्ट उघड्या फायरप्लेसच्या अनेक पट कार्यक्षम असतो. पण आधी पोट दुरुस्त हवं. आतल्या विटा साध्या नव्हे, भट्टीच्या, आणि त्यांच्या सांध्यात उष्णतेला टिकणारा खास मसाला. घरबांधणीचा साधा सिमेंट मसाला तिथं काही हिवाळ्यांत तडकतो आणि धग भिंतीकडे वाट काढते.

त्याहून महत्त्वाची धूरनळी. इन्सर्टमधून निघणारा धूर कमी आणि तुलनेनं थंड असतो. तो जुन्या रुंद विटांच्या धुराड्यात सोडला तर भिंतींवर थंड होऊन डांबरासारखा चिकट थर, क्रिओसोट, जमतो. सुरुवातीला तो भुकटीसारखा, मग खपल्यांसारखा, शेवटी काचेसारखा चकचकीत होतो. हा शेवटचा प्रकार ब्रशनं निघत नाही आणि पेटला की धुराडं गर्जना करू लागतं. म्हणून इन्सर्टच्या तोंडापासून धुराड्याच्या माथ्यापर्यंत अखंड स्टेनलेस स्टीलची नळी घातली पाहिजे. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईच्या काळात अमेरिकेत कित्येक घरांत इन्सर्ट नुसते आत ढकलले गेले, नळीशिवाय. त्यातून धुराड्यांना आगी लागल्या. जळण वाळलेलंच हवं, वर्षातून एकदा साफसफाई हवी, आणि भिंत हाताला गरम लागली तर आग वाढू न देता ती विझवून तपासणी करून घ्यायला हवी, ती कुणालाही न विचारता.

नवं वेस्टमिन्स्टर चार्ल्स बॅरीनं बांधलं. आगीच्या रात्री तो ब्रायटनहून घोडागाडीनं परतत होता आणि आकाशातली लाली त्यानं रस्त्यावरून पाहिली होती. १८३६ च्या स्पर्धेत सत्त्याण्णव आराखड्यांतून त्याचा निवडला गेला. त्या इमारतीत हवा खेळावी म्हणून तिच्या भिंतींत आणि मजल्यांखाली लांबच लांब पोकळ्या ठेवल्या. आज तिथल्या पाईप-तारा याच पोकळ्यांतून जातात आणि आग लागली तर ती त्यांतूनच पसरेल, असं तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. रात्रंदिवस पहारेकरी आगीची गस्त घालतात. २०१८ च्या सुरुवातीला दोन्ही सभागृहांनी दुरुस्तीसाठी इमारत रिकामी करण्याचा ठराव मंजूर केला. ठरावानंतरही कितीतरी वर्षं खासदार त्याच इमारतीत बसत राहिले.